चप्पल निसटली, कळलंच नाही

“सर, पायाचा डॉक्टर म्हणजे हाडाचाच ना?” खापरखेड्यातल्या एका मार्गदर्शन वर्गात थर्मल वीज केंद्रात नोकरी करणाऱ्या एका वडिलांनी विचारलं. शेजारी बारावीतली मुलगी. तिनं मोबाइलवर पोडियाट्री हा शब्द वाचला होता आणि घरात तीन दिवस त्यावरून धुसफूस चालू होती.

हाडाचा नव्हे. पोडियाट्रिस्ट तळवा, टाच, नखं, कुरूप, भेगा, चालण्याची ढब असं सगळं बघतो. आपल्याकडे मात्र त्याचं मुख्य काम मधुमेह्याचा बधिर पाय. चालता चालता एका पायातली चप्पल निसटते, माणूस तसाच दहा पावलं पुढं जातो आणि घरचे हसतात. मज्जातंतू मंदावल्याची ती खूण असू शकते. पुढं खडा रुततो, चटका बसतो, कळत नाही, जखम चिघळते. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आणि आपल्या गावात तर पायांना विश्रांतीच नाही. 1340 मेगावॅटच्या केंद्रात दिवसभर सेफ्टी बूट, सिल्लेवाड्याच्या खाणीत गमबूट, मे महिन्यात तापलेली फरशी, नवरात्रात कोराडीला अनवाणी जाणारे भाविक.

तरी ‘पायाचा तज्ज्ञ’ हा शब्द गावात कुणाच्या तोंडी नाही. शब्द नाही म्हणून रुग्ण विचारत नाही, रुग्ण विचारत नाही म्हणून दवाखाना जागा काढत नाही, आणि जागा नाही म्हणून पालक म्हणतात, “यात भविष्य काय?” हे चक्र फोडायला तालुक्याच्या पानावरची बातमी फार कामाची. एरवी 14 नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, साखर तपासणी शिबिराचा फोटो छापून येतो. फीत, पाहुणे, गुच्छ. त्या शिबिरात किती जणांचे मोजे उतरवून पाय पाहिले, हे बातमीदारानं एकदा विचारावं. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना कशी तपासतात, याचा एक फोटो शंभर गुच्छांवर भारी. मात्र पैसे देऊन छापलेली बातमी आणि खरी बातमी यातला फरक ओळखा. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या कायद्यानं निषिद्ध आहे, तरी तेला-चूर्णाच्या चौकटी छापून येतातच.

हा विषय परक्या मुलखातून आलेला नाही. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियाच्या डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासोबत 2007 मध्ये ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमावर लेख लिहिला. डॉक्टर आणि त्याचा सहकारी अशा जोड्यांना पायाची काळजी शिकवणारा तो उपक्रम विकसनशील देशांसाठीचा नमुना म्हणून मांडला गेला. त्याच्याही आधी, बधिर पाय म्हणजे काय हे विदर्भाला कुष्ठरोगानं शिकवलं: 1936 मधलं वर्ध्याजवळचं दत्तपूरचं कुष्ठधाम, 1949 मधलं वरोऱ्याचं आनंदवन. कुष्ठरुग्णांना मिळणारी मऊ रबराची एमसीआर चप्पल आज मधुमेह्यांच्याही पायात दिसते.

आता मुद्द्याचं. बारावीनंतर सरळ ‘पोडियाट्रिस्ट’ व्हायची वाट ब्रिटनमध्ये आहे. तिथं साधारण तीन वर्षांची पदवी आणि नोंदणी झाल्याशिवाय ही उपाधी लावता येत नाही. आपल्याकडे 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या यादीत हा व्यवसाय आला, पण गावोगावी कॉलेजं निघालेली नाहीत. म्हणून माझा सल्ला थोडा सावध आहे: आधी पोट भरेल अशी मान्यताप्राप्त पदवी, मग पाय. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात फिजिओथेरपी आहे. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयव आणि आधार-साधनांची पदवी आहे, आणि पादत्राणं बनवण्याची ज्याला आवड आहे त्यानं तीच धरावी. दोन्हींना ‘नीट’ परीक्षा लागते. नर्सिंग करूनही जखमेच्या काळजीत उतरता येतं. एमबीबीएस आणि शस्त्रक्रियेकडे जाणाऱ्यांसाठी कोचीच्या अमृता रुग्णालयात पोडियाट्रिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे. सहा महिन्यांत ‘फूट स्पेशालिस्ट’ करून देणाऱ्या खासगी वर्गाला मात्र पहिला प्रश्न विचारा, मान्यता कुणाची? उत्तर लेखी मागा.

आणि या क्षेत्रात येणाऱ्या मुलांनो, लिहायला शिका. पहिली काही वर्षं तुमचं निम्मं काम लोकांना समजावण्याचं असणार. दोनशे शब्दांचं मराठी टिपण, आकाशवाणी नागपूरवर पाच मिनिटं बोलणं, हेही शिक्षणाचाच भाग समजा.

त्या दिवशी मी वडिलांना एक साधी चाचणी सांगितली. ब्रिटनमधल्या इप्सविच रुग्णालयातून आलेली, कुठलंही साधन न लागणारी. डोळे मिटायचे, समोरच्यानं दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एकेकदा हलकेच स्पर्श करायचा, दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर दवाखाना गाठायचा. “बारा वर्षं शुगर आहे, पण पाय ठणठणीत,” म्हणत त्यांनी तिथंच बूट-मोजे उतरवले, डोळे मिटले. मुलगी खाली बसली. उजव्या अंगठ्याला तिनं बोट टेकवलं, काढलं. मग डाव्या.

“लाव ना बेटा,” ते म्हणाले, “कशाची वाट पाहून राहिली?”