आधी शिकवणे, मग पाठवणे

वाचन : प्रेषितांची कृत्ये १८:१-४, २४-२८



एका रविवारी मिस्सा सुरू व्हायला पाच मिनिटे उरली, तरी नेमलेला वाचक आला नव्हता. आम्ही पुढच्या बाकावरील एका मुलीच्या हाती पुस्तक दिले. यशयाच्या वाचनातील नावांपाशी ती अडखळली आणि मागे कुणीतरी हसले. त्यानंतर ती वाचनाला कधी उभी राहिली नाही. चूक तिची नव्हे, आमची होती. सेवा सोपवली, पण तयारी करून घेतली नाही.

आजच्या उताऱ्यातील अपुल्लो विद्वान होता, उत्तम वक्ता होता. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला व अक्विला या दांपत्याने त्याचे भाषण ऐकले. त्यांनी त्याला चारचौघांत खोडून काढले नाही की गप्पही बसवले नाही. आपल्याकडे नेऊन त्यांनी त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. पुढे तो अखया प्रांतात जाऊ इच्छित होता, तेव्हा इफिस येथील बंधूंनी त्याला उत्तेजन दिले आणि त्याचे स्वागत व्हावे म्हणून तिथल्या शिष्यांना पत्र लिहिले.

हे दोघे धर्मगुरू नव्हते. तंबू करणे हा त्यांचा धंदा. करिंथ येथे पौल त्यांच्या घरी राहिला, त्यांच्याबरोबर कामाला बसला. तीच त्यांची शाळा! घरे बांधूनच माणूस गवंडी होतो, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. पुढारीपणही जाणत्याच्या शेजारी बसून, काम करता करता येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर जो दस्तऐवज दिला, त्याचे सहावे प्रकरण संपूर्णपणे प्रशिक्षणावर आहे. विश्वासाच्या प्रकाशात पाहावे, पारखावे आणि कृती करावी, हे प्रापंचिकाने हळूहळू शिकावे, असे ते सांगते. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील कलम २३१ नुसार, विशेष सेवा पत्करणाऱ्या प्रापंचिकाने त्यासाठी योग्य प्रशिक्षण घेणे हे कर्तव्य आहे. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक ही सेवापदे स्त्रियांनाही खुली केली आणि धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत पद दिले. दार उघडले आहे. आत येणाऱ्याची तयारी आपण करून घ्यायची आहे.

मग आपण काय करावे? प्रत्येक जबाबदार व्यक्तीने एका नवीन व्यक्तीला सोबत घ्यावे. समूहप्रमुखाने आजाऱ्याच्या घरी जाताना एका तरुणाला बरोबर न्यावे. वाचकाने आपले वाचन आठवडाभर आधी घरी मोठ्याने वाचावे. चूक झाली तर ती बाजूला घेऊन, प्रेमाने सांगावी. आणि वर्षानुवर्षे एकच खुर्ची सांभाळणाऱ्यांनी स्वतःला विचारावे : ‘माझ्यानंतर कोण?’ हा प्रश्न आम्हा धर्मगुरूंनाही चुकत नाही. मात्र पुढारीपण वेदीपाशीच असते असे नाही. घर, बँक, बाजार आणि ग्रामसभा हे प्रापंचिकांचे खास क्षेत्र आहे.

समूहात चर्चेसाठी :
१. मला विश्वासात घडवणारे प्रिस्किल्ला-अक्विला कोण?
२. या वर्षी मी कोणाला सोबत घेणार?

त्या मुलीच्या घरी आम्ही या आठवड्यात जाणार आहोत, प्रथम क्षमा मागायला. तिच्यासाठी व आमच्यासाठी प्रार्थना करा.