डीएनए काढायचाय? मग घाई नको

पोरांनो, घरी डीएनए काढायचा तर आपला अलिबागचा पांढरा कांदा घ्या. कार्ले-खंडाळ्याकडची माळ टांगलेली असेल, तर त्यातला एक घट्ट कांदा पुरे. कांद्याचा जनुकसंच माणसाच्या सुमारे पाचपट मोठा आहे, त्यामुळे हाती चांगलं काही लागतं.

कांदा बारीक चिरा. मिक्सर फार वेळ फिरवलात तर लांब धागे तुटतात.

१०० मिलिलिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ आणि दोन छोटे चमचे भांड्यांचं लिक्विड घाला. फेस येऊ देऊ नका. साबण पेशीचं स्निग्ध आवरण फोडतो. मीठ डीएनएवरचा ऋण भार झाकतं, म्हणून पुढे धागे एकमेकांना चिकटतात.

त्यात कांदा घालून भांडं साधारण ६० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा. डीएनए कुरतडणारी विकरं उष्णतेने थंडावतात; पण जास्त वेळ ठेवलात तर डीएनएच तुटतो. लगेच भांडं बर्फात ठेवा, मासळीबाजारातला बर्फही चालेल. मग पातळ सुती कापडातून गाळा. पिळू नका, चोथा उतरतो.

औषधाच्या दुकानातलं ९० टक्क्यांच्या पुढचं आयसोप्रोपिल अल्कोहोल बाटली बंद ठेवून बर्फात गार करा. आपल्या दमट हवेत ते चटकन कोमट होतं, म्हणून ओतायच्या क्षणापर्यंत बर्फातच राहू द्या. आसपास शेगडी किंवा निरांजन नको.

ग्लास तिरका धरून गाळलेल्या रसाइतकंच अल्कोहोल कडेकडेने सोडा. दोन थर वेगळे दिसले पाहिजेत. आता ढवळू नका. पाच-दहा मिनिटांत मधल्या सीमेवर भिजल्या कापसासारखे पांढरे तंतू वर चढू लागतात. बांबूच्या काडीवर ते हलकेच गुंडाळा. चाखू मात्र नका.

आणि खरं तेच सांगा. त्या गोळ्यात डीएनएबरोबर आरएनए, प्रथिनं, पेक्टिनही असतं. १८६९ साली फ्रीड्रिश मीशर यांनी जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातून जो पदार्थ वेगळा केला, तोही निव्वळ डीएनए नव्हता.

प्रत्येक पायरीचं कारण पाठ ठेवा. कारण ठाऊक असलं की प्रयोग फसला तरी कुठे फसला ते कळतं, आणि पुढचा कांदा वाया जात नाही.