वारसा फ्रेमवाल्याच्या हाती देण्याआधी

मी फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगितलं होतं: डिंक लावायचा नाही, कापायचं नाही, कापडावर टाके घालून बसवायचं. त्याने मान डोलावली, आगाऊ पैसे घेतले, आणि डिंकही लावला, कापलंही. वर म्हणाला, "ताई, आता बघा कसं उठून दिसतंय!"

वस्तू होती पणजीची सुयांची घडी. विरलेल्या शालूच्या पदरातून तिने ती शिवली. बाहेर साखळी टाक्याची वेल, कोयऱ्या गाठीच्या टाक्याने भरलेल्या. आत लोकरी फलालीनची पानं, त्यांत सुया टोचलेल्या, आणि मिटून बांधायला रेशमी बंद. फलालीन उगाच नव्हतं. लोकरीतल्या स्निग्धांशामुळे सुया लवकर गंजत नाहीत. पणजीला हे ठाऊक होतं, फ्रेमवाल्याला नव्हतं.

घरी आणून भिंतीवर लावताना आधी खटकलं ते हे, की गाठी चपट्या झाल्या होत्या. काच थेट भरतकामावर दाबलेली. मग लक्षात आलं, बंद दिसत नाहीत. मागचा खाकी कागद फाडला. घडी उलगडून हार्डबोर्डवर सपाट चिकटवलेली, फलालीनची पानं गायब! फोन केला तर उत्तर मिळालं, "आतलं कळकट कापड आणि गंजक्या सुया टाकून दिल्या. त्यांनी फ्रेम फुगली असती. आमचं रोजचं काम आहे हे." चुकलं, एवढा एक शब्दही नाही. उलट गरम पाण्यात भिजवून सोडवा, असा सल्ला! वस्त्रसंवर्धन करणाऱ्या एका जाणकार बाईंना दाखवलं. पांढरा डिंक रेशमात मुरला आहे, ओढला तर धागे तुटतील, भिजवलं तर लाल रेशमाचा रंग सुटेल, असं त्यांनी सांगितलं. आगाऊ दिलेले पैसे आजतागायत परत आलेले नाहीत.

म्हणून ज्यांच्या घरी असं काही आहे, त्यांनी ऐकावं.

वस्तू देण्याआधी पुढून, मागून, आतून फोटो काढा. सूचना पावतीवर लिहून घ्या: चिकटवणार नाही, कापणार नाही, निघालेला प्रत्येक तुकडा परत देणार. लिहून द्यायला जो कां-कूं करेल, त्याच्या दुकानातून सरळ उठा. पाठीला आम्लरहित पुठ्ठा, त्यावर धुतलेलं सुती कापड, आणि त्या कापडाला बारीक टाक्यांनी वस्तू जोडलेली हवी. काच आणि भरतकाम यांच्यात अंतर हवंच. फ्रेमवर ऊन पडू देऊ नका. संग्रहालयांत जुन्या रेशमावरचा उजेड साधारण 50 लक्सपर्यंतच ठेवतात.

गंजलेल्या सुया रेशमात ठेवू नका, कारण गंज कापड खातो. पण फेकूही नका. वेगळ्या डबीत, कोणाच्या आहेत ते लिहून ठेवा. डाग दिसला म्हणून ब्लीच तर मुळीच नको. क्लोरीनचं ब्लीच रेशीम अक्षरशः विरघळवतं. इस्त्री नको, प्लास्टिकची पिशवी नको, डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. मऊ, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि अधूनमधून उघडून कसर लागली नाही ना ते बघा.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. अशा ठिकाणी आधी विचारा. आणि कुणावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

"जुनंच तर आहे" असं म्हणणाऱ्याच्या हाती जुनी वस्तू देऊ नये. त्याला तिची किंमत कळत नाही, आणि ती नासल्यावर भरूनही देता येत नाही.