तोच की तसाच? : एका प्रश्नाने शिकवलेला धडा



नाताळच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. चौथीचा वर्ग. सणांची माहिती सांगून झाली आणि एका मुलाने शेजारच्या ख्रिस्ती मुलीला विचारलं, "तुमचे देव किती?" ती म्हणाली, "एक." तो म्हणाला, "मग प्रार्थनेत तिघांची नावं कशी? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? "जाऊ दे रे, असले प्रश्न वर्गात नकोत," म्हणाले आणि पुढचं पान काढायला लावलं. मुलगी मान खाली घालून बसली. प्रश्न त्याचा होता, पण गप्प बसवलं गेलं ते तिला.

रात्री ते मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी तयारी करून गेले. डी.एड.ला आपण सगळे शिकलो आहोत, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. परिसर अभ्यासातलं उदाहरण घेतलं : बर्फ, पाणी, वाफ. रूपं तीन, पदार्थ एक. मुलांना पटलं, मलाही बरं वाटलं. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की हे उदाहरण चर्चच्या दृष्टीने चुकीचं आहे! एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा अशी रूपं पालटतो, हे मत तिसऱ्या शतकात सॅबेलियसच्या नावाने ओळखलं गेलं आणि चर्चने ते नाकारलं. एका मुलीने विचारलं होतं, "दत्तासारखं का, बाई?" तीन मुखांचा दत्त आपल्या ओळखीचा, म्हणून तुलना सुचणं साहजिक आहे, पण तीही तंतोतंत बसत नाही. ख्रिस्ती शिकवण अशी : देव एकच, त्यात व्यक्ती तीन, त्या एकमेकींपासून वेगळ्या, तरी तीन देव नाहीत. यालाच त्रैक्य म्हणतात.

हा वाद किती जुना? इ. स. ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या नायसिया येथे बिशपांची परिषद भरली. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र श्रेष्ठ खरा, पण तो पित्याने निर्माण केलेला. परिषदेने ते अमान्य केलं. तरी वाद मिटला नाही. पुढची कित्येक वर्षं भांडण चाललं ते 'होमोऊसिओस' आणि 'होमोइऊसिओस' या दोन ग्रीक शब्दांवर. दोघांत फरक एका अक्षराचा. पहिल्याचा अर्थ 'त्याच तत्त्वाचा', दुसऱ्याचा 'तशाच तत्त्वाचा'. मराठीत बघा ना : तोच की तसाच? शुद्धलेखन तपासताना आपण म्हणतो, एका अक्षराने काय होतं? इथे एका अक्षरावरून चर्च दुभंगलं. इ. स. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पुन्हा नायसियाचीच बाजू पक्की केली.

आता म्हणाल, बारामती-इंदापूरच्या शाळेत हे कशाला? तर हाच प्रश्न विचारणारी बाई आपल्या अगदी जवळची आहे. बारामतीहून पाटसमार्गे चौफुल्याला या, तिथून केडगाव जवळच. इंदापूरकरांना सोलापूर-पुणे रस्ता सरळ तिकडेच नेतो. त्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. वय २५, सोबत लहानगी मनोरमा. पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे प्रश्न संपले, असं त्यांनी मानलं नाही. येशू आणि देव यांचं नातं नेमकं काय? त्रैक्य हा शब्दच बायबलात नाही, मग तो मानलाच पाहिजे का? बायबल स्वतः वाचून जे पटेल तेच मी मानीन, असा त्यांचा आग्रह होता. त्यांना ख्रिस्ती शिकवण देणाऱ्या सिस्टर जेराल्डाइन यांना यात अहंकार दिसे. मायेने सांभाळत, पण अपेक्षा आज्ञापालनाची. रमाबाईंनी कळवलं की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून आले, ती दुसरीच्या जोखडात मान द्यायला नाही. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांची रीत वेगळी होती. त्या शंकांना पत्रांतून सविस्तर उत्तरं देत, वाद घालत, पण विचारू नकोस असं म्हणत नसत. ही सारी पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली आहेत.

आणखी एक वाद झाला तो क्रुसावरून. तिथल्या क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले होते. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही. माझ्या क्रुसावर संस्कृत अक्षरं हवीत. वरवर छोटी गोष्ट, पण प्रश्न मोठा : देवाशी बोलायचं ते कोणाच्या भाषेत?

हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. ज्या बारामतीत मोरोपंतांनी महाभारत मराठी आर्येत आणलं, तिथल्या मुलांना तो वेगळा समजावावा लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी उपासनेचा सूरच बदलला. परक्या चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांनी त्यांचं समाधान होईना. त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली. ख्रिस्ती उपासनेच्या 'उपासनासंगीत' या मराठी पुस्तकात ती आजही आहेत.

आणि रमाबाई? तरुणपणी क्रुसावर संस्कृत मागणाऱ्या या पंडितेने आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. तेही संस्कृतप्रचुर नाही, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. छपाई केडगावलाच, आश्रमातल्या स्त्रियांच्या हातून. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. येशूवरची त्यांची श्रद्धा तोवर गाढ झाली होती. त्यांना प्रश्न विचारू दिले, म्हणून श्रद्धा आटली नाही. उलट, ती त्यांची स्वतःची झाली.

वर्गात किंवा घरी आपण काय करू शकतो?

१) मुलाने दुसऱ्याच्या धर्माबद्दल विचारलं तर गप्प करू नका. "त्यांचं म्हणणं काय आहे ते आधी ऐकू," म्हणा. चूक-बरोबर ठरवणं हे आपलं काम नाही.

२) उदाहरण द्या, पण ते कुठे अपुरं पडतं हेही सांगा. ज्ञाताकडून निघायचं असतं, पण अज्ञात हे ज्ञातासारखंच असेल असं नाही. तोच आणि तसाच यात फरक आहे.

३) ज्या मुलाचा तो धर्म आहे, त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करू नका. त्याची इच्छा असेल तरच बोलू द्या.

मी वर्गात परत गेले आणि सांगितलं, "पाण्याचं उदाहरण चुकलं माझं." मुलं हसली. मग त्या मुलीला म्हटलं, "परवा मी तुला बोलू दिलं नाही, तेही चुकलं. आज सांगशील?" ती उठली. हळूच म्हणाली, "बाई, मला पण नीट माहीत नाही. पण आम्ही ते मराठीत गाणं म्हणतो." आणि तिने ते म्हणून दाखवलं. प्रश्न विचारणारा मुलगा बाकावर ताल धरून बसला होता.