त्रैक्याचा आशीर्वाद

शास्त्रपाठ : २ करिंथकरांस १३:११-१४



उपासना संपत आली की पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात. आपण ‘आमेन’ म्हणतो आणि दाराकडे वळतो. हे शब्द कानांना इतके सवयीचे झाले आहेत की, त्यांत केवढे सत्य साठवलेले आहे याकडे आपले लक्ष जात नाही.

‘त्रैक्य’ हा शब्द पवित्र शास्त्रात कोठेही आढळत नाही. परंतु मंडळीने ज्या सत्याला हे नाव दिले, ते सत्य शास्त्रातलेच आहे. शब्दाची घडण पाहा : त्रि आणि ऐक्य. तीन देव नव्हेत, किंवा एकाच देवाने वेळोवेळी घेतलेली तीन रूपेही नव्हेत. मत्तय २८:१९ मधील बाप्तिस्म्याच्या आज्ञेत पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तिघांचा उल्लेख आहे. तरीही मूळ ग्रीक भाषेत तेथे ‘नाव’ हा शब्द एकवचनी आहे. भाषांतरकाराला तो अनेकवचनी करण्याची मुभा नाही. पुढे इ. स. ३२५ मध्ये निकिया येथील परिषदेने, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, हेच सत्य स्पष्ट शब्दांत मांडले.

आता आशीर्वादातील क्रम पाहा. पौल आरंभ पित्यापासून नव्हे, तर ख्रिस्तापासून करतो. कारण आपला अनुभव तेथूनच सुरू होतो.

१. ख्रिस्ताची कृपा : तो धनवान असता आपल्याकरिता दरिद्री झाला (२ करिंथ ८:९). दोषी मनुष्याला प्रथम कृपेचेच दार उघडे दिसते.

२. देवाची प्रीती : त्या दारातून आत गेल्यावर कळते की, पुत्राला पाठवणारा पिताच होता. ही प्रीती आपल्यापासून सुरू झाली नाही. जगाच्या स्थापनेपूर्वीच पित्याने पुत्रावर प्रीती केली (योहान १७:२४). त्या अनादी प्रीतीत आपल्याला सामावून घेतले आहे.

३. पवित्र आत्म्याची सहभागिता : येथील ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’. त्याचा अर्थ केवळ सोबत नव्हे, तर एकाच ठेव्यात वाटेकरी होणे. आत्मा आपल्याला ख्रिस्ताचे, आणि म्हणून एकमेकांचे, वाटेकरी करतो.

हा आशीर्वाद कोणाला दिला आहे? करिंथच्या मंडळीत तट पडले होते. आपण तेथे येऊ तेव्हा भांडणे व मत्सर दिसतील, अशी भीती पौलाने याच पत्रात व्यक्त केली आहे (१२:२०). काहींनी तर त्याच्या प्रेषितपणावरही आक्षेप घेतला होता. तरी शेवटी तो कोणालाही वगळत नाही. आशीर्वाद ‘सर्वांना’ देतो.

वाचकहो, येथेच आपली परीक्षा आहे. त्याच आशीर्वादाखाली, दोन बाकांपलीकडे, ज्याच्याशी आपण कित्येक महिने बोललो नाही असा भाऊ किंवा बहीण मस्तक लववून उभी असेल. पिता, पुत्र व आत्मा यांच्यातील ऐक्य ओठांनी कबूल करावयाचे आणि मनात तट ठेवावयाचे, हे कसे जुळावे?

येत्या रविवारी ‘आमेन’ म्हटल्यावर लगेच दाराकडे वळू नका. आधी त्या बाकाकडे जा.