वर्गातून मुख्याध्यापकांच्या खुर्चीपर्यंत

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या केशव मेमोरियल शाळेच्या नावातले केशव म्हणजे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर. मूळ गाव आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं पुरजळ. वकिली करत ते निजामाच्या हायकोर्टात न्यायाधीश झाले. १९०७मध्ये हैदराबादेत निघालेल्या विवेकवर्धिनी शाळेच्या संस्थापकांतही ते होते. १९३२मध्ये ते गेले आणि १९४०मध्ये त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार यांच्या पुढाकाराने नारायणगुड्यातली ही शाळा उभी राहिली. याच भागात माडपाटी हनुमंतराव यांनी तेलुगू मुलींसाठी शाळा चालवली. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम तेव्हा उर्दू, म्हणून त्या शाळेने मान्यता घेतली ती महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची!

शाळा कशी चालवायची, हे या मंडळींना कुणी शिकवलं नव्हतं. आज ते शिकवलं जातं, पण मराठी घरांत याची चर्चा फारशी होत नाही. मुलीने बारावीनंतर शिक्षिका व्हायचं म्हटलं, की आई-वडिलांना एकच धास्ती: जन्मभर त्याच वर्गात, त्याच पगारावर?

काळजी रास्त आहे, पण चित्र तेवढंच नाही. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, प्राचार्यांचं ७८,८०० पासून. भत्ते वेगळे. खासगी शाळांत मात्र तफावत मोठी असते, तिथे नेमणूकपत्र नीट वाचूनच सही करावी.

प्राचार्यपद म्हणजे दाखल्यांवर सह्या आणि पालकांच्या तक्रारी, असा समज अजून पक्का आहे. खरी कसोटी पाठनिरीक्षणाला लागते. मुख्याध्यापक सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतात. अपूर्णांकांचा तास चाललेला असतो. बाई किती वेळ बोलल्या, प्रश्न कुणाला विचारले, खिडकीकडच्या रांगेतल्या एकालाही बोलायची संधी मिळाली का, हे वहीत उतरत जातं. मग मधल्या सुट्टीत चहा घेताना त्याच बाईंशी बोलायचं, त्या दुखावणार नाहीत आणि पुढचा तास सुधारेल, अशा बेताने. हे कौशल्य नुसत्या सेवाज्येष्ठतेने येत नाही. लॉगबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ एवढाच शेरा मारून निघून जाणारे मुख्याध्यापक काही कमी नाहीत आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

म्हणूनच दिल्लीच्या ‘नीपा’ या राष्ट्रीय संस्थेत २०१२मध्ये शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झालं. स्वतःचा विकास, अध्यापनातले बदल, शिक्षकांचा संघ बांधणं, पालक आणि गावाची साथ मिळवणं, प्रशासन असे विषय तिथल्या अभ्यासक्रमात आहेत. मुख्याध्यापकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आणि पदव्युत्तर पदविकाही आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने तर शिक्षकांकडून आणि मुख्याध्यापकांकडूनही वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे.

मात्र विशीतल्या मुलांनी ‘स्कूल लीडरशिप’च्या महागड्या प्रमाणपत्रांमागे धावू नये. पाच-सात वर्षं फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय त्या कागदाला वजन येत नाही. आधी वर्ग, मग पदविका, हा क्रम बदलू नये. शिकवणं आपल्याला झेपेल का, असा प्रश्न असेल तर ‘टीच फॉर इंडिया’ची दोन वर्षांची फेलोशिप विचारात घ्यावी. ती हैदराबादेतही चालते.

बारावीनंतर थेट वळायचं असेल, तर चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-शिक्षण अभ्यासक्रम आहे. त्यासाठी एनसीईटी ही राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पदवी आधीच झाली असेल, तर बी.एड. पुढे प्राचार्यपदाकडे नजर असेल तर विषयातली पदव्युत्तर पदवीही उरकून घ्यावी, कारण केंद्रीय विद्यालयांत त्या पदाला ती लागतेच. हैदराबादेतल्या मराठी घरांनी भाषेचाही विचार आत्ताच करावा. तेलंगणाच्या सरकारी शाळांतल्या बहुतेक जागांसाठी तेलुगू चांगली यावी लागते, केंद्रीय विद्यालयांत हिंदी-इंग्रजीवर काम भागतं. केंद्रीय विद्यालयांना लागणारी सीटीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा एकदा उत्तीर्ण झाली, की तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.