हिरवी पट्टी

वीस वर्षे सर्जिकल वॉर्डात काढली, पण कोऱ्या चहाचा रंग पाहिला की मला अजून तो पोरगा आठवतो. यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत पडली होती. चार तास पाय ढिगाऱ्याखाली. बाहेर काढला तेव्हा पाय थोडा सुजलेला, बाकी खरचटलेलं. ‘सिस्टर, चाय मिलेगी क्या?’ एवढंच विचारलं त्यानं. शेजारी डोकी फुटलेले ओरडत होते. मी त्याच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली, म्हणजे हा थांबू शकतो. पुन्हा बघायला गेलेच नाही.

दोन तासांनी वॉर्डातल्या मामांनी त्याची युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, दाखवली. तळाशी जेमतेम अर्धा कप, रंग कोऱ्या चहाचा.

दबलेल्या स्नायूंतलं विष दाब सुटल्यावर रक्तात उतरतं. पोटॅशियम हृदय थांबवतं, स्नायूंतला लाल रंग मूत्रपिंडात अडकतो. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा, 1941 मध्ये, बायवॉटर्स या डॉक्टरांनी हे नोंदवलं होतं. आम्ही ते पुस्तकात शिकलो होतो, गर्दीत विसरलो.

मग घाईघाईत ‘रेफर’ लिहून गाडीत घातला. पुढे फोन केला नाही. कशेळीपर्यंत गोदामांच्या कंटेनरांची रांग. पोहोचल्यावर कळलं, डायलिसिसचं मशीन रिकामं नाही. तिथून आणखी पुढे. पोरगा वाचला, पाय गेला.

21 सप्टेंबर 2020 ला पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडातली जिलानी इमारत बसली आणि माणसं तासन्‌तास दबून राहिली, तेव्हा माझ्या डोक्यात हीच पट्टी होती. हिरवी पट्टी कायमची नसते. दर अर्ध्या तासाने फेरी मारा, आणि ओरडणाऱ्याआधी गप्प पडलेल्याकडे जा. दबलेल्याचा हात सापडत असेल तर स्लॅब उचलण्याआधीच सलाइन सुरू व्हायला हवं, तेही साधं नॉर्मल सलाइन. आरएल (रिंगर लॅक्टेट) नको, त्यात पोटॅशियम असतं. नातेवाइकांनी एवढं जरी सांगितलं, ‘अमुक वाजता दबला, अमुक वाजता निघाला,’ तरी डॉक्टरांचं अर्धं काम होतं. मी तर दोन्ही वेळा मार्करने पेशंटच्या मांडीवरच लिहिते. कागद गाडीत हरवतो.

रेफरच्या चिठ्ठीत ‘पुढील उपचारासाठी’ लिहून भागत नाही. किती सलाइन गेलं, लघवी किती आणि कसल्या रंगाची, हे हवं. आधी फोन, समोरच्या डॉक्टरांचं नाव, खाट आणि मशीन आहे का ते विचारून मगच गाडी. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा स्वतः बघायचा. वाटेत अंजूरफाट्याची कोंडी आहे हे धरून चालायचं. आणि सोबत जाणाऱ्याने पेशंट कुणी, किती वाजता ताब्यात घेतला हे विचारल्याशिवाय परतायचं नाही. एकदा मामांच्या मोबाइलची बॅटरी संपली, कागदही नव्हता. तळहातावर पेनने लिहून आणलं त्यांनी: 3.10, त्या सिस्टरचं नाव, खाट नंबर. घामाने निम्मं पुसलं होतं. मी चष्मा लावून वाचलं आणि रजिस्टरात उतरवून घेतलं.